आधी बायकोला सांगा

*(पत्र मोठं होतं, थोडं कापून घेतलं आहे. ओळख पटेल असे तपशील काढले आहेत.)*

«ताई, वय ४१. सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघतो. घरी वडील, आई, बायको, दोन मुलं. आमचं घर सिद्धेश्वरांचं. वडील वयाच्या ७४ व्या वर्षीही गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वरांच्या यात्रेला, बाराबंदी घालून नंदीध्वजांसोबत चालतात. गुडघे गेलेत, म्हणून गेली काही वर्षं माझ्या दंडाला धरून चालतात.

दोन वर्षांपूर्वी कारखान्यातल्या एका सहकाऱ्याचे वडील वारले. ते ख्रिस्ती. मातीला गेलो होतो. पेटी खाली सोडताना सगळे रडत होते आणि रडतारडताच गात होते. ते डोक्यातून जाईना. मग मोबाइलवर नवा करार वाचायला लागलो. त्यातलं येशूचं डोंगरावरचं प्रवचन किती वेळा वाचलं असेल सांगता येत नाही. हळूहळू रविवारी चर्चमध्ये मागच्या बाकावर जाऊन बसू लागलो. त्याच सहकाऱ्यामुळे एका घरसभेलाही जातो. तिथले बंधू म्हणतात, लवकर बाप्तिस्मा घे, देव्हारा हलव, गड्डा सोड, पगाराचा दहावा भाग द्यायला लाग. तिथे लोक रडतात, आत्मा संचारला म्हणून कुणाला न कळणाऱ्या अन्य भाषांत बोलतात. मला काहीच होत नाही. डोळे मिटले की जीएसटीचं रिटर्न दिसतं. माझ्यातच काही कमी आहे का? बाप्तिस्मा घ्यावा का? गड्ड्याला जावं की नाही? वडिलांना कळलं तर म्हणतील, साहेबाच्या धर्मात गेला.

बायकोला अजून सांगितलेलं नाही. रविवारी मित्राकडे जातो म्हणतो. तिला वाटतं, माझं बाहेर काहीतरी आहे.»

भाऊ, तुम्ही शेवटच्या दोन ओळींत जे उरकलंत, तिथूनच सुरुवात करते. बाप्तिस्मा, गड्डा, अन्य भाषा या सगळ्यावर तुम्ही पानभर लिहिलंत आणि बायकोच्या वाट्याला दोन ओळी. तिला वाटतं तुमचं बाहेर काहीतरी आहे. आहेच की! दर रविवारी आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून, खोटं सांगून नवरा दोन तास गायब होतो, मोबाइल पालथा ठेवतो, आणि विचारलं की चिडतो (हे तुम्ही लिहिलेलं नाही, पण चिडत असणार). तिने दुसरं काय समजावं? ज्याच्यामागे तुम्ही निघालात त्याने त्या डोंगरावरच्या प्रवचनातच सांगितलंय, तुमचं बोलणं होय तर होय आणि नाही तर नाही एवढंच असू द्या. ते प्रवचन तुम्हाला जवळजवळ पाठ आहे. मग ‘मित्राकडे जातो’ हे कुठे बसवायचं?

नारायण वामन टिळकांचं नाव तुमच्या कानावर आलं असेल. कवी, मूळ कोकणातले ब्राह्मण, प्रवासात आगगाडीत एका गोऱ्या माणसाने त्यांना नवा करार दिला, आणि तुमच्यासारखेच तेही डोंगरावरच्या प्रवचनापाशी अडकले. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांची बायको लक्ष्मीबाई तेव्हा त्यांच्याजवळ नव्हत्या. त्यांना कळलं ते सगळं होऊन गेल्यावर. त्या बाईवर काय कोसळलं ते तिनेच पुढे लिहून ठेवलं आहे, आणि इतकं हसतखेळत लिहिलंय की वाचताना आधी हसू येतं आणि मग पोटात कालवतं. लहानग्या मुलाला, दत्तूला घेऊन ती आपल्या माणसांकडे राहिली, त्यातले काही दिवस आपल्याच जिल्ह्यात, पंढरपुरात. काही वर्षांनी ती टिळकांकडे परतली, आणि आणखी पुढे स्वतःच्या विचाराने ख्रिस्ती झाली. आमच्या ख्रिस्ती मंडळींत ही गोष्ट शेवट गोड झाला म्हणून सांगतात. मला मात्र मधली वर्षं दिसतात. टिळक मोठे होते, त्यांची भजनं आम्ही आजही तबला-पेटीवर गातो, पण बायकोच्या बाबतीत त्यांचा कित्ता गिरवू नका.

कसं सांगायचं? घरात नको, सासूबाईंच्या कानांच्या टप्प्यात तर मुळीच नको. एखाद्या संध्याकाळी दोघंच कंबर तलावावर जा. पहिलं वाक्य हेच असू द्या, की माझं कुठल्या बाईशी काही नाही. तिचा जीव आधी त्यावरून खाली येऊ द्या, तोवर पुढचं काही तिच्या डोक्यात शिरणार नाही. मग सांगा, मी दोन वर्षं बायबल वाचतोय, रविवारी चर्चमध्ये बसतो, काही ठरवलेलं नाही, आणि तुझ्यापासून लपवलं हे चुकलं. एवढंच. येशू कोण, तारण म्हणजे काय, यातलं काही त्या दिवशी काढू नका. नव्याने वाचायला लागलेल्या माणसाला सगळं एका बैठकीत सांगायची फार घाई असते.

ती विचारेल, मला कुंकू पुसायला लावणार का? मुलांची नावं बदलणार का? घरातला देव्हारा काढणार का? तिन्हींना ‘नाही’ म्हणा, आणि ते पाळा. प्रेषित पौलाने करिंथ शहरातल्या मंडळीला, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती लोकांना, लिहिलेल्या पहिल्या पत्राचा सातवा अध्याय काढून बघा. तिथे तो सरळ सांगतो, एखाद्या भावाची बायको विश्वास ठेवणारी नसेल आणि ती त्याच्याजवळ नांदायला राजी असेल तर त्याने तिला टाकू नये. हा प्रश्न पहिल्या शतकातही घरोघरी होता, तुम्ही काही पहिले नाही. आणि देव्हारा? तो तुमच्या आईने मांडला, तुमची बायको रोज पुसते. तुमचा त्यावर हात चालवायचा हक्क कुठून आला? घरसभेतल्या बंधूंना म्हणावं, तो माझ्या एकट्याचा नाही.

आता ‘मला काहीच होत नाही’ याकडे वळते, कारण पत्रातलं मला सगळ्यात खरं वाटलेलं वाक्य तेच आहे. डोळे मिटल्यावर जीएसटी दिसणं हा आजार नव्हे. मी जन्मापासून ख्रिस्ती आहे, आजोबांच्या काळापासून आमचं कुटुंब मंडळीत आहे, आणि उपासनेत माझ्या डोळ्यांपुढे गॅस चालू राहिल्याची शंका, धाकट्याची फी आणि समोरच्या बाकावरच्या बाईच्या साडीचा काठ हे सगळं येऊन जातं. पाळकसाहेब संदेश देत असतात, आपण मधूनच जागे होतो. तरी जायचं. तुम्हाला कुणीतरी असं पटवलेलं दिसतं की देव आला की अंगावर काटा येतोच. काहींच्या येतो, त्यांच्याबद्दल माझ्या मनात किंतु नाही. पण काटा हा हजेरीपट नव्हे.

मदर तेरेसांची खासगी पत्रं २००७ मध्ये प्रसिद्ध झाली तेव्हा लोक हादरले. कोलकात्याच्या रस्त्यांवरून मरणारी माणसं उचलून आणणाऱ्या या बाईने कित्येक वर्षं आपल्या कबुलीच्या धर्मगुरूंना लिहिलं होतं की प्रार्थनेत मला देव जाणवतच नाही, आत नुसता अंधार आहे. ती रोज पहाटे उठून प्रार्थनेला बसतच राहिली आणि दिवसभर काम करत राहिली. तुम्हाला दोन वर्षं काही झालं नाही म्हणून तुम्ही स्वतःला कमी समजताय!

आणि बायबलमधला तो बाप, ज्याच्या मुलाला फेफरं येई. मार्काच्या शुभवर्तमानात, नवव्या अध्यायात आहे. येशू त्याला विश्वासाबद्दल काही म्हणतो, तर तो ओरडतो, मी विश्वास धरतो, माझा अविश्वास घालवा. अर्धा आहे, अर्धा नाही, आणि दोन्ही एका दमात कबूल करतो. येशूने त्याला ‘आधी पूर्ण विश्वास आणून ये’ असं सांगितलं नाही. मुलगा बरा केला. माझ्या मते ही बायबलमधली सगळ्यात प्रामाणिक प्रार्थना आहे, आणि तुम्हाला ती आजपासून करता येईल. घरसभेत उभं राहून साक्ष द्यायला सांगितली तर हीच द्या.

सरावाचं सांगते. मोबाइलवर वाचता ते ठीक, पण त्याच मोबाइलवर कारखान्याचा ग्रुपही वाजतो. छापील बायबल घ्या. बायकोला सांगून झाल्यावर ते लपवायचीही गरज राहणार नाही. येशूचं चरित्र सांगणाऱ्या चार शुभवर्तमानांतलं मार्काचं सगळ्यात लहान, १६ अध्याय, एका बैठकीत संपतं. एकदा ते सलग वाचा, एखादी कादंबरी वाचावी तसं, मधे थांबून अर्थ न शोधता. तुम्ही आजवर वेचेच वाचलेत असं पत्रावरून वाटतं, आणि सुटे वेचे वाचले की येशू हा सुविचार सांगणारा भला माणूस होऊन बसतो. सलग वाचलं की तो चिडलेला दिसतो, दमून होडीत उशाला डोकं टेकून झोपलेला दिसतो, शिष्यांवर वैतागलेला दिसतो. आणि क्रूसावर ‘माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास’ म्हणून ओरडतो.

ती ओरड आहे जुन्या करारातल्या बाविसाव्या स्तोत्राची पहिली ओळ. म्हणजे मरताना त्याच्या तोंडात आलं ते लहानपणापासून म्हटलेलं स्तोत्र. म्हणून दुसरं काम, रोज एक स्तोत्र मोठ्याने वाचायचं. आतल्या खोलीत, दार लावून, कुजबुजत्या आवाजात का होईना, पण ओठ हलले पाहिजेत. दीडशे स्तोत्रं आहेत, पाच महिने पुरतील. त्यांत गोड गोड फार कमी आहे हे वाचताना कळेल. तेरावं सुरूच होतं ते ‘किती वेळ मला विसरशील’ या तक्रारीने. अठ्ठ्याऐंशीवं तर शेवटपर्यंत अंधारातच राहतं, एक ओळही दिलासा देत नाही, तरी ते पवित्र शास्त्रात ठेवलं गेलं. कुणी तरी कधी तरी ठरवलं की हेही देवाशी बोलणंच आहे. आपल्याकडे तुकोबा विठ्ठलाशी जसे भांडतात ते तुम्हाला ठाऊक आहे, त्यामुळे हा सूर तुम्हाला परका वाटणार नाही. टिळक म्हणायचे की ते ख्रिस्ताकडे तुकोबांच्या पुलावरून आले. वडील ‘साहेबाचा धर्म’ म्हणाले तर हे सांगता येईल, पण त्यांच्याशी वाद घालायला वापरू नका.

मग येशूने शिकवलेली प्रभूची प्रार्थना. तुम्हाला पाठ झालीच असेल. ती रात्री झोपताना एकदाच म्हणा, पण ‘आमची रोजची भाकर आज आम्हाला दे’ इथे थांबा आणि त्या दिवशी ज्यांची भाकर तुमच्या हातून गेली किंवा अडली त्यांची नावं घ्या. तुम्ही हिशेब बघता. कुणाच्या ओव्हरटाइमचे तास कापले गेले, कुणाची उचल थांबली, हे तुमच्याइतकं दुसऱ्या कुणाला कळतं? जीएसटीचं रिटर्न डोळ्यांपुढे येतं ना, मग त्याच रस्त्याने प्रार्थना येऊ द्या. लक्ष विचलित होतंय म्हणून ते ढकलत बसू नका, जिथे जातंय तिथली माणसं पुढे आणा. हा उपाय मी पुष्कळांना सांगितलाय, बहुतेकांना लागू पडला.

रविवारचं चालू ठेवा. रंगभवनपाशी फर्स्ट चर्च आहे, शहरात इतरही मंडळ्या आहेत, कुठे बसता ते तुम्ही लिहिलेलं नाही. एक सुचवते, जिथे बसता तिथे वर्षभर बसा, फिरत राहू नका. नाताळच्या उपासनेवरून मत बनवू नका, तेव्हा सगळेच नवीन कपड्यांत असतात आणि बाहेर मांडव घातलेला असतो. जुलैतला एखादा पावसाळी रविवार बघा. पंधरा-वीस डोकी, पेटीवाला आला नाही म्हणून गाणं खालच्या पट्टीत धरलेलं, पापकबुली, वाचन, संदेश, मध्यस्थीच्या प्रार्थनेत कुणाच्या तरी डायलिसिसचं नाव, अर्पणाची थैली, आशीर्वाद, की झालं. यातही तुम्हाला परत यावंसं वाटलं तर काही खरं आहे असं समजा. प्रभुभोजनाच्या, म्हणजे भाकर आणि द्राक्षरस वाटतात त्या रविवारी बाप्तिस्मा न झालेल्यांनी जागेवरच बसून राहायचं, कुणी वळून बघणार नाही.

बाप्तिस्म्याची घाई करू नका. बंधू तुम्हाला नव्या करारातल्या प्रेषितांच्या कृत्यांतला आठवा अध्याय दाखवतील. कूशी अधिकारी रथात बसून यशया वाचत होता, फिलिप्प नावाच्या प्रचारकाने समजावलं, वाटेत पाणी दिसलं, लगेच बाप्तिस्मा झाला. खरं आहे. पण त्याच मंडळीने पुढच्या शतकांत काय केलं तेही बघा. जुन्या एका नियमग्रंथात बाप्तिस्मा मागणाऱ्याने तीन वर्षं वचन ऐकावं, त्याचं वागणं बघावं, विधवांकडे आजाऱ्यांकडे तो जातो का ते विचारावं, असं सांगितलं आहे. शिकाऊ मंडळी उपासनेत बसत आणि प्रभुभोजनाआधी उठून जात. संत ऑगस्टीन आईच्या कुशीत ख्रिस्ताचं नाव ऐकत वाढला, आणि त्याचा बाप्तिस्मा झाला ३८७ च्या ईस्टरला, मिलानमध्ये, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी. मधली वर्षं तो भटकत होता, आणि त्या भटकण्याचं त्याने पुढे सोनं केलं. तुमच्या आणि कूशी अधिकाऱ्याच्या गोष्टीत एक फरक आहे. त्याच्या रथात बायको-मुलं बसलेली नव्हती.

आणि टिळकांचंच आणखी एक सांगते, जे आमच्या लोकांना फारसं आवडत नाही. आयुष्याच्या शेवटी, १९१७ मध्ये, मिशनची नोकरी सोडून त्यांनी साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ सुरू केला. तिथे बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, दोघांनाही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून जागा होती. दोन वर्षांनी ते गेले, दरबार फार टिकला नाही. पण ज्याने स्वतः बाप्तिस्म्यासाठी एवढी किंमत मोजली, तोच माणूस शेवटी दाराशी उभ्या असलेल्यांसाठी जागा करत होता, हे मला महत्त्वाचं वाटतं. तुम्ही सध्या त्या जागेत आहात. तिथे बसून राहणं लाजिरवाणं नाही.

पुढे बाप्तिस्मा घ्यायचंच ठरलं तर मंडळीच्या पाळकांकडे रीतसर जा, आणि त्याआधी एका वकिलाकडे. राज्यघटनेच्या कलम २५ ने धर्म पाळायचं स्वातंत्र्य दिलंय, पण व्यवहाराची बाजू कुणी सांगत नाही. हिंदू विवाह कायद्यानुसार जोडीदाराने धर्म बदलला हे दुसऱ्याला घटस्फोट मागायचं कारण होऊ शकतं, लग्न मात्र आपोआप मोडत नाही. वडिलांच्या मालमत्तेतला तुमचा हक्क त्याने जात नाही, पण धर्म बदलल्यानंतर जन्मलेल्या मुलांचा हिंदू नातेवाइकांच्या वारशावरचा हक्क जातो. तुमची दोन्ही आधीची आहेत. जातीच्या दाखल्याचं आणि त्या वेळी लागू असलेल्या कार्यपद्धतीचं वकिलालाच विचारा. हे सगळं बायकोला माहीत असलं पाहिजे, कारण यातलं अर्धं तिच्या आयुष्याचं आहे.

दहाव्या भागाचं तर विचारूच नका. घरात न सांगता पगारातून पैसे काढून कुठल्याही सभेला द्यायचे नाहीत. जी सभा पावती देत नाही तिला तर सांगूनही नाही. बंधू मनाने वाईट असतील असं मी म्हणत नाही. एका दुःखी कुटुंबातल्या माणसाने तुम्हाला त्यांच्याकडे नेलं, त्यांनी तुम्हाला जागा दिली, ते मोठंच आहे. पण त्यांना तुमच्याकडून निकाल हवाय, आणि तो त्यांच्या वेळापत्रकाप्रमाणे हवाय. महिनाभर नुसतं चर्चला जा, घरसभा बंद ठेवा, आणि बघा त्यांच्या फोनचा सूर कसा बदलतो. त्यावरून तुम्हालाच कळेल.

आता गड्डा. हा प्रश्न वाचल्याबरोबर मला नामान आठवला. राजे लोकांच्या दुसऱ्या पुस्तकात, पाचव्या अध्यायात. अरामच्या राजाचा सेनापती, कोड झालेला. अलीशा संदेष्ट्याने त्याला यार्देन नदीत सात वेळा बुडी मारायला सांगितलं, तो आधी फणफणला, मग मारली, कोड गेलं. मग तो म्हणतो, आता मी इस्राएलाच्या देवाशिवाय कुणाला होमबली देणार नाही. आणि लगेच, जरा चाचरत, एक अडचण सांगतो. माझा धनी रिम्मोन या आपल्या देवाच्या देवळात जातो, माझ्या हातावर टेकून जातो, आणि तो वाकला की मलाही वाकावं लागतं, तेवढ्याची परमेश्वराने मला क्षमा करावी.

वाचलंत ना? माझ्या हातावर टेकून. तुमच्या वडिलांचे गुडघे, तुमचा दंड.

अलीशा काही खवळला नाही. त्याने अटही घातली नाही. ‘शांतीने जा’ एवढंच म्हणाला. या दोन शब्दांवर विद्वानांनी पुष्कळ काथ्याकूट केला आहे, कुणी म्हणतं ही परवानगी, कुणी म्हणतं नुसता निरोप. आमच्या पाळकांपैकीही काही जण मला खोडून काढतील, पौलाचा करिंथकरांच्या पहिल्या पत्राचा दहावा अध्याय दाखवतील, की प्रभूच्या मेजावर आणि दुसऱ्या मेजावर एकदम बसता येत नाही. तो अध्यायही खरा आहे, त्याच अध्यायात पुढे पौल म्हणतो की कुणी जेवायला बोलावलं तर ताटात वाढतील ते खा, विवेकबुद्धीसाठी चौकशी करू नका. प्रसादाचं, फराळाचं आमच्याच घराघरांत एकमत नाही. मी दिवाळीचं फराळ शेजाऱ्यांकडून घेते आणि नाताळला करंज्या पाठवते. माझी सख्खी बहीण घेत नाही. दोघी एकाच चर्चला जातो.

म्हणून माझं मत सांगते, मत म्हणूनच घ्या. यंदा गड्ड्याला जा. सकाळी वडिलांच्या बाराबंदीचे बंद बांधा, त्यांना दंड द्या, अक्षता सोहळा होतो त्या सम्मती कट्ट्यापर्यंत चाला, गर्दीत त्यांना धक्का लागू देऊ नका. ‘बोला हर्र’चा घोष होईल तेव्हा तुमच्या मनात नसेल तर तोंड उघडू नका, त्या कल्लोळात कुणाला कळणारही नाही. पूजा तुमच्या हातून होऊ नये असं वाटत असेल तर धाकट्या भावाकडे किंवा मुलाकडे द्या. मोठ्या माणसाला आधार देणं कुठल्याच धर्माने पाप म्हटलेलं नाही, आणि आईबापांचा मान राख ही दहा आज्ञांतली पाचवी आज्ञा बंधूंनाही पाठ असेल. पुढे बाप्तिस्मा घेतलात तर हा प्रश्न पुन्हा नव्याने उभा राहील, तेव्हा उत्तर वेगळं निघू शकतं. आज तुम्ही ज्या जागेवर आहात तिथून मला हेच बरोबर दिसतं.

वडिलांना इतक्यात सांगायला जाऊ नका. तुमचंच अजून ठरलेलं नाही, तर त्यांना सांगणार काय? ठरलं की मात्र तुम्हीच सांगायचं, कुठल्या भाऊबंदाच्या तोंडून त्यांना कळता कामा नये. आणि त्याआधी त्यांनी होऊन विचारलं, रविवारी कुठे जातोस रे, तर खोटं बोलू नका. ‘चर्चमध्ये जाऊन बसतो, बरं वाटतं’ म्हणा. ज्या माणसाने आयुष्यभर थंडीत उघड्या पायांनी नंदीध्वजांसोबत चालून काढलं, त्याला देवासाठी माणूस काय काय करतो हे तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त कळतं. कदाचित बोलणं बंद करतील. कदाचित एवढंच विचारतील, दंड देणार ना यंदा?

राहता राहिला तुमचा ता. क., चर्चमध्ये चपला बाहेर काढायच्या का. गावाकडच्या सतरंजी अंथरलेल्या चर्चमध्ये काढतात, शहरात बाकं असतात तिथे घालूनच बसतात. दाराशी बघा, चपलांची रांग दिसली तर काढा. आणि बायको कधी सोबत यायला तयार झाली तर शेवटचं बाक सोडून जरा पुढे बसा, मागे पंख्याचा वारा लागत नाही आणि लहान मुलं फार गोंधळ घालतात.